दोन खाटा, एकच तक्ता

आहारविकारांवर उपचार करणारे डॉक्टर, आहारतज्ज्ञ, परिचारिका आणि वॉर्डाचे नियम ठरवणारी सर्व मंडळी यांना,

स. न. वि. वि.

माझी मुलगी ज्या वॉर्डात दाखल होती, तिथे प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी चिमट्याने एक कागद अडकवलेला असायचा. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढून त्याच्या रेघा पुसट झाल्या होत्या. वर नावासाठी मोकळी जागा, खाली सात दिवसांचे सात रकाने आणि प्रत्येक रकान्यात आधीच छापलेला कॅलरींचा आकडा. पेनाने लिहायचं ते फक्त नाव. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा डोळा लागला म्हणून मी पाय मोकळे करायला उठले, आणि शेजारच्या खाटेचा कागद नजरेस पडला. तोच कागद, सातही आकडे तेच. शेजारची बाई चाळिशीतली, वीसेक वर्षं ॲनोरेक्सियाशी, म्हणजे वजनाच्या भीतीने खाणं तोडण्याच्या आजाराशी, झुंजत आलेली. उठून बसायलाही तिला आधार लागे. माझी मुलगी सतरा वर्षांची, आणि रस्त्यात दिसली तर कुणी तिला बारीकही म्हणणार नाही अशी. दोघींची सुरुवात एकाच आकड्यापासून.

हे पत्र त्या कागदाविषयी आहे.

दाखल करताना तिची उंची आणि वजन मोजलं, त्यांचा हिशेब केला आणि जोखमीच्या चौकटीत ‘कमी’ या शब्दावर खूण झाली. पाच महिन्यांपूर्वी तिचं वजन किती होतं हे कुणी विचारलं नाही. (ते आकडे मी इथेही लिहीत नाही. हे पत्र एखादी आजारी मुलगी वाचत असेल, आणि या आजारात दुसरीचा आकडा स्वतःला मारायच्या छडीसारखा वापरला जातो.) त्या पाच महिन्यांत तिने वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा गमावला होता. शेवटचे बारा दिवस तर पाणी आणि मोजके घास, एवढ्यावरच काढले होते. मी हे सांगितलं. पण कागदावर त्यासाठी रकाना नव्हता, त्यामुळे ते कुठेच लिहिलं गेलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी ती म्हणाली, “आई, पेला धरवत नाहीये.” मला वाटलं, दमली असेल. मग तिच्या घोट्यावर बोट दाबलं तर पडलेला खळगा तसाच राहिला. रात्रपाळीच्या सिस्टरने नाडी पाहिली, तिला काहीतरी खटकलं, आणि चौथ्या दिवसाचा वाढीव आकडा लागू होण्याआधी तिने डॉक्टरांना उठवून रक्त तपासायला पाठवलं. फॉस्फरस धोक्याच्या पातळीपर्यंत उतरला होता, पोटॅशियमही खाली आलं होतं. पुढचे दोन दिवस ती मॉनिटरला जोडलेली होती, शिरेतून फॉस्फेट चालू होतं आणि मी तिच्या उशाशी बसून पडद्यावरची रेघ पाहत होते. त्या सिस्टरचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

या प्रसंगाने वॉर्ड हादरला आणि आठवड्याच्या आत नवा कागद आला. आकडे जवळपास निम्मे. आणि पुन्हा सगळ्यांसाठी तेच. शेजारच्या बाईच्या चौकटीत ‘जास्त’ या शब्दावर खूण होती, त्यामुळे तिचं रक्त रोज तपासलं जात होतं आणि रिपोर्ट चांगले येत होते. कधी नव्हे ती तिची खायची तयारीही झाली होती. तरी तिचा आकडाही निम्म्यावर आणला गेला. दहा दिवसांत तिचं वजन आणखी उतरलं. एका रात्री दिवे मालवल्यावर ती मला हळूच म्हणाली, “घरी मी खात नाही, आणि इथे मला कुणी खायला देत नाही.”

पहिल्या कागदाने माझ्या मुलीला इजा केली, दुसऱ्याने शेजारच्या बाईला. दोन्ही कागद काळजीपोटीच केले होते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. म्हणूनच मी तुमच्याशी भांडायला आलेले नाही. आकडा मोठा हवा की लहान, या वादात तुमची शक्ती खर्च होते. तो आकडा कुणासाठी, कशावरून आणि कितव्या दिवशी ठरवला, हा प्रश्न मागेच राहतो. तो तुम्ही पुढे आणावा, एवढ्यासाठी हे लिहिते आहे.

उपाशी शरीरात अन्न गेल्यावर काय होतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तरी इतर पालकही हे पत्र वाचतील म्हणून सांगते. उपासमारीत शरीर चरबी आणि स्नायू जाळून तग धरतं, आणि पेशींमधला फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम हळूहळू संपत जातं. रक्तातली पातळी मात्र बरेच दिवस सावरलेली राहते, म्हणून पहिल्या दिवसाचा रिपोर्ट अगदी नॉर्मल येऊ शकतो. मग अन्न सुरू झालं, त्यातल्या पिष्टमय पदार्थांची साखर रक्तात आली की इन्सुलिन वाढतं आणि ही सगळी द्रव्यं रक्तातून पेशींमध्ये ओढली जातात. पेशीला ऊर्जा तयार करायला फॉस्फरस लागतो. तोच रक्तात उरला नाही तर हृदयाचा ठोका, श्वासाचे स्नायू, मेंदू, सगळंच डगमगतं. साखर जाळायला थायमिन हे जीवनसत्त्व लागतं आणि तेही उपासमारीत संपत आलेलं असतं, म्हणून ते अन्नाच्या आधीपासून द्यायचं असतं. यालाच तुम्ही रीफीडिंग सिंड्रोम म्हणता. बहुतेकदा पहिल्या पाच दिवसांत ते दिसतं. म्हणजे दाखल करतानाचा चांगला रिपोर्ट पाहून निर्धास्त होणं हीच फसगत. आमची तशीच झाली.

हे नवं ज्ञान नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर छावण्यांतून सुटलेले उपाशी कैदी जेवू लागल्यावर दगावल्याच्या नोंदी आहेत. १९८१ साली वाइन्सियर आणि क्रुमडीक या डॉक्टरांनी दीर्घकाळ कुपोषित असलेल्या दोन रुग्णांची हकीकत मांडली. शिरेतून भरभरून पोषण दिल्यावर ते दोघे गेले होते. त्या भीतीतून सावध मार्गदर्शक सूचना आल्या. उपचारांच्या सूचना ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००६ साली सांगितलं की जास्त जोखमीच्या रुग्णाला दिवसाला दर किलो वजनामागे जास्तीत जास्त १० कॅलरींपासून सुरुवात करा, आणि अगदी टोकाच्या अवस्थेत ५ पासून. हा आकडा जगभर पाठ झाला. पण त्याच सूचनांमध्ये लिहिलं होतं की हळूहळू वाढवत चार ते सात दिवसांत पूर्ण गरजेपर्यंत न्या. ते वाक्य पाठ झालं नाही. आणि जास्त जोखमीचं कोण, याच्या यादीत नुसतं कमी वजन नव्हतं. तीन ते सहा महिन्यांत १५ टक्क्यांहून जास्त वजन नकळत घटलं असेल, किंवा दहा दिवसांहून जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लं नसेल, तर यातली एक गोष्टही पुरेशी होती. माझी मुलगी आकड्यांनी या दोन्हींत बसत होती. ‘नकळत’ या शब्दावर कुणी अडेल, तर मला एवढंच विचारायचं आहे: वजन मुद्दाम घटवलं म्हणून पेशीतला फॉस्फरस कमी खर्च होतो का?

मग उलट बाजूची चूक समोर आली. २०१० साली ब्रिटनमधल्या मनोविकारतज्ज्ञांच्या आणि फिजिशियनांच्या रॉयल कॉलेजांनी मिळून गंभीर ॲनोरेक्सियाच्या रुग्णांविषयी ‘मार्सिपन’ नावाचा अहवाल काढला. त्यात रीफीडिंगच्या धोक्याबरोबरच अति सावधपणे कमी अन्न देत राहण्याचा धोकाही स्पष्ट मांडला होता: आधीच खंगलेला रुग्ण रुग्णालयात येऊन आणखी खंगतो आणि त्यातच जाऊ शकतो. २०२२ साली त्याची जागा घेणाऱ्या नव्या मार्गदर्शिकेतही हा इशारा आहे. शेजारच्या खाटेवर मी तेच पाहिलं, हा धोका असा लेखी मांडलेला आहे हे मला नंतर कळलं.

आणि २०२० च्या अखेरीस अमेरिकेतला एक चांगला अभ्यास प्रसिद्ध झाला. ॲनोरेक्सियाचे, १२ ते २४ वर्षांचे १२० रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एकाची सुरुवात २,००० कॅलरींनी करून रोज २०० वाढवत नेल्या, दुसऱ्याची १,४०० पासून एक दिवसाआड २०० वाढवत. जास्त अन्न मिळालेला गट लवकर स्थिर झाला, सरासरी चार दिवस आधी घरी गेला, आणि रक्तातली द्रव्यं बिघडण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त नव्हतं. मला हा अभ्यास वाचून फार बरं वाटलं होतं. पण तो वाचताना दोन गोष्टी नजरेआड करू नका, ही विनंती. सगळे रुग्ण रुग्णालयात होते आणि त्यांचं रक्त सातत्याने तपासलं जात होतं, म्हणून तो वेग पेलला. आणि सर्वांत जास्त खंगलेले रुग्ण त्यात घेतलेच नव्हते. शेजारच्या त्या बाईसारखी, चाळिशीची, वीस वर्षांची आजारी व्यक्ती त्यात नव्हती. वर्षभरानंतर पाहिलं तेव्हा बरं होण्याच्या प्रमाणात दोन्ही गटांत फरकही उरला नव्हता. म्हणजे पहिला आठवडा जलद काढता येतो, पण आजार त्या आठवड्यात संपत नाही.

तरीही या अभ्यासाचा आकडा सुटा काढून तिसरा कागद छापला जाईल, अशी मला भीती वाटते.

वॉर्डाबाहेरही हेच चालू आहे. बऱ्या होऊ पाहणाऱ्या मुली एकमेकींना सांगतात, दिवसाला अमुक हजार कॅलरी, त्याच्या खाली नाही, वय काहीही असो, आजार कोणताही असो. त्यामागे बहुतेक वेळा मिनेसोटाच्या प्रयोगाचा दाखला असतो. १९४४-४५ साली अँसेल कीज या अमेरिकी संशोधकाने ३६ निरोगी तरुण पुरुषांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं आणि मग त्यांना पुन्हा कसं भरवायचं ते पाहिलं. त्या प्रयोगाने फार मोलाचं सांगितलं: उपासमारीनेच माणूस अन्नाच्या विचारांनी झपाटतो, चिडका होतो, एकटा पडतो, आणि सावरायला नेहमीपेक्षा बरंच जास्त अन्न लागतं. पण ते सगळे निरोगी होते, तरुण होते, पुरुष होते, त्यांना खायची इच्छा होती. भरवतानाही त्यांचे चार गट करून वेगवेगळं प्रमाण द्यावं लागलं, आणि सर्वांत कमी मिळणाऱ्यांची प्रगती खुंटल्यावर प्रमाण वाढवावं लागलं. त्या प्रयोगातून सर्वांसाठी एक आकडा काढणं मला पटत नाही. या मुली असं घरी एकट्याने का करतात? कारण वॉर्डात त्यांना ‘तुझं वजन ठीक आहे’ म्हणून परत पाठवलेलं असतं. त्यांच्यावर रागावण्याआधी हे लक्षात घ्या. आणि त्यांना कुणीतरी ठामपणे सांगा, की बरेच दिवस उपाशी राहिलेल्याने रक्त तपासल्याशिवाय, डॉक्टरच्या नजरेआड एकदम मोठं ताट सुरू करू नये.

आजार वेगळा असेल तर कागद आणखीच तोकडा पडतो. बुलिमियात, म्हणजे भरमसाट खाऊन मग ते उलटी वगैरे करून बाहेर टाकण्याच्या विकारात, वजन बहुतेकदा ठीकच दिसतं, पण वारंवार उलट्यांनी किंवा जुलाबाच्या गोळ्यांनी पोटॅशियम आधीच तळाला गेलेलं असू शकतं. उलट्या थांबल्या की शरीर पाणी धरून ठेवतं. त्यात भराभर सलाईन चढवलं तर अंगावर सूज येते, आणि ती सूज म्हणजे चरबीच असं समजून मुलगी उपचार सोडून पळते. टाइप १ मधुमेह असलेले काही जण वजनासाठी इन्सुलिन टाळतात. त्यांची साखर घाईघाईने खाली आणली तर डोळ्यांना आणि नसांना इजा होऊ शकते. तिथे आहारतज्ज्ञ आणि मधुमेहतज्ज्ञ यांनी एकत्र बसूनच वेग ठरवावा लागतो. आणि २०१३ पासून ज्याला ‘आरफिड’ असं वेगळं नाव मिळालं त्या विकारात तर वजनाची भीती नसतेच. घशात अडकेल, वास सहन होत नाही, तोंडातला स्पर्श नकोसा वाटतो, अशा कारणांनी खाणं आक्रसलेलं असतं. अशा मुलासमोर ‘अर्ध्या तासात ताट संपव, नाहीतर नाकातून नळी’ हा नियम ठेवला तर उरलेले चार पदार्थही तो सोडतो. ऑटिझम असलेल्या मुलांच्या आयांनी मला हे रडत सांगितलं आहे.

पोटाचंही तसंच. उपासमारीत जठर मंद होतं, दोन घासांनी तट्ट फुगतं. फार खंगलेल्यांमध्ये आतड्याभोवतीची चरबी गेल्याने आतड्याचा सुरुवातीचा भाग रक्तवाहिनीखाली दबतो आणि खाल्लेलं खरोखरच पुढे सरकत नाही. तक्त्यावर त्याची नोंद ‘असहकार’ अशी होते. हा शब्द मी माझ्या डोळ्यांनी वाचला आहे. पुढे काही आठवड्यांनी याच्या उलट होतं: शरीर दुरुस्तीला लागतं, अन्न भराभर जाळतं, आणि सांगितलेलं सगळं खाऊनही काटा हलत नाही. तेव्हा पहिला संशय येतो तो मुलगी अन्न लपवते आहे असा. कधी ते खरंही असतं. पण आधी आकडा वाढवून पाहा, आणि झडती नंतर घ्या.

‘पुरेसं वजन’ ठरवतानाही हाच कागद आडवा येतो. आमच्या तक्त्यावर खाली सर्वांसाठी एक लक्ष्य छापलं होतं. माझी मुलगी दाखल झाली त्याच दिवशी त्या लक्ष्याच्या वर होती! म्हणून पंधराव्या दिवशी ‘वजन पूर्ववत’ असा शेरा मारून तिला घरी सोडलं, तेव्हा नाडी मंदच होती, पाळी आलेली नव्हती, केस मुठीने गळत होते. तिच्या लहानपणापासूनच्या वजनउंचीच्या नोंदी माझ्या पिशवीत होत्या. ती कायम वाढीच्या आलेखाच्या वरच्या रेषेवर वाढलेली मुलगी आहे. तिचं निरोगी शरीर तिथेच आहे. दोन महिन्यांत आम्ही पुन्हा दुसऱ्या एका ठिकाणी दाखल झालो.

तक्ते फाडून टाका असं मी म्हणत नाही. रात्री दोन वाजता एकट्या पडलेल्या नव्या डॉक्टरला हाताशी काहीतरी लेखी हवंच. शिवाय नियमांचा रुग्णांनाही आधार असतो. माझी मुलगी म्हणायची, “दुसऱ्या कुणी ठरवलंय म्हटलं की मला खाल्ल्याचा अपराध वाटत नाही.” हे मी विसरलेले नाही. पण तिच्या शेजारी दुसरी एक मुलगी होती. तिला दोन पर्यायांतून एक निवडायला दिलं की ती खायची आणि हुकूम केला की दातखीळ बसायची. दोघी एकाच वयाच्या होत्या.

तुमच्याकडे माझं मागणं अगदी साधं आहे. दाखल करताना वजनाच्या शेजारी ते किती दिवसांत किती घटलं आणि शेवटचं नीट जेवण कधी झालं, हे लिहायला जागा ठेवा. वजन कितीही असो, ही उत्तरं वाईट असतील तर पहिले काही दिवस फॉस्फरस, पोटॅशियम, मॅग्नेशियम रोज पाहा, थायमिन आधीपासून द्या, ईसीजी काढा. सुरुवातीचा आकडा ज्या कारणाने कमी ठेवला ते कारण लिहा, आणि ते संपलं की त्याच दिवशी आकडा वाढवा. कमी ठेवण्यालाही डॉक्टरची रोजची सही लागू द्या. सूज, पोटदुखी, हुडहुडी, धडधड यांबद्दल रुग्णाला आणि आम्हाला आधीच सांगा. आणि रात्रपाळीच्या सिस्टरला तक्ता थांबवून डॉक्टरांना बोलावण्याचा अधिकार द्या. तो आमच्या वेळी नव्हता. तिने तो स्वतःच्या जबाबदारीवर घेतला.

दुसऱ्या ठिकाणी खाटेच्या पायथ्याशी कागद होता, पण सातही रकाने कोरे होते. सकाळचा रक्ताचा रिपोर्ट आला की डॉक्टर, आहारतज्ज्ञ आणि सिस्टर खाटेपाशी उभे राहून, मुलीला दोन प्रश्न विचारून, त्या दिवसाचा आकडा पेनाने लिहीत. चौथ्या दिवशीचा आकडा खोडलेला आहे. शेजारी लिहिलंय: “फॉस्फरस स्थिर, रात्री भूक लागली म्हणाली, वाढवला.” खाली तीन सह्या. तो कागद मी जपून ठेवला आहे. तुमच्यापैकी कुणाला पाहायचा असेल तर मी घेऊन येईन.

आपली,
एका मुलीची आई